पॅरिसच्या दंगलीमुळे रग्बी ऑलिम्पिकमधून गेली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रग्बीच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी दंगल केली आणि त्यामुळे ऑलिम्पिक समितीने हा खेळच काढून टाकला, असं जिथेतिथे वाचायला मिळतं. हे कितपत खरं? आणि रग्बीत एरवी कुठे नाव न दिसणारी अमेरिका तिथे दोनदा विजेती कशी काय झाली, आणि ती अजूनही ऑलिम्पिकची ‘गतविजेती’ आहे असं म्हणतात ते बरोबर का?

दंगल झाली, हे खरं. तिच्यामुळे खेळ गेला, हे मला पटत नाही. मी मुंबईत आधी खेळाडू म्हणून आणि मग बरीच वर्षं पंच म्हणून रग्बीत काढली. सामना तापला, गर्दी बिथरली, खेळाडूंना वाट काढून बाहेर न्यावं लागलं, हे सगळं शिट्टी हातात धरून पाहिलेलं आहे. असल्या गोष्टींनी खेळ बंद पडत असते, तर फुटबॉल कधीच पडला असता. खेळ बंद पडतो तो त्याच्या मागे उभं राहणारं कुणी नसलं की. ऑलिम्पिकमधल्या रग्बीचं पहिल्या दिवसापासून तेच दुखणं होतं.

आधी आकडे बघा. रग्बी चार ऑलिम्पिकमध्ये खेळली गेली: १९००, १९०८, १९२० आणि १९२४. संघ किती आले? अनुक्रमे तीन, दोन, दोन आणि तीन. चारही ऑलिम्पिकचे सामने एकत्र मोजले तर भरतात सात. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका एकदाही नाहीत. वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड यांनीही कधी संघ पाठवला नाही. ‘ग्रेट ब्रिटन’ या नावाने जे दोनदा उतरले, त्यातला एक हौशी क्लबचा जमवलेला संघ होता आणि दुसरा एका परगण्याचा. तेव्हा रग्बी म्हटलं की ज्यांची नावं घेतली जात, त्यांतले बहुतेक जण या मांडवात फिरकलेच नाहीत.

मग खेळ तिथे आला कसा? पिएर द कुबेर्तँ यांच्यामुळे. आधुनिक ऑलिम्पिकचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण हा माणूस रग्बीवेडा होता. इंग्लंडमधल्या ‘रग्बी’ नावाच्या शाळेत मुलांना खेळातून शिस्त लावतात, याची त्यांच्यावर जबरदस्त छाप होती. १८९२ साली फ्रान्सच्या पहिल्या अजिंक्यपद सामन्यात, रेसिंग क्लब विरुद्ध स्ताद फ्राँसे, पंच म्हणून ते स्वतः उभे होते. रेसिंगने तो ४-३ असा जिंकला. विजेत्याला द्यायच्या ढालीची कल्पनाही त्यांचीच. शार्ल ब्रेन्युस या कारागिराने घडवलेली ती ढाल फ्रान्सच्या विजेत्या संघाला आजही मिळते. असा माणूस ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष असल्यावर रग्बी कार्यक्रमात येणार, हे उघडच होतं. अडचण एवढीच, की खेळाचा सगळा भार या एका माणसाच्या आवडीवर होता.

१९००चं पॅरिस ऑलिम्पिक म्हणजे जागतिक प्रदर्शनाला जोडलेला, मे ते ऑक्टोबर रेंगाळलेला कार्यक्रम. रग्बी झाली ऑक्टोबरमध्ये, व्हँसेनच्या सायकल शर्यतींच्या मैदानावर. जर्मनीचा संघ म्हणजे फ्रँकफुर्टचा एक क्लब, ब्रिटनचा म्हणजे बर्मिंगहॅमकडचा मोझली वाँडरर्स. फ्रान्सने जर्मनीला २७-१७ असं हरवलं आणि दोन आठवड्यांनी ब्रिटनला २७-८. ब्रिटिशांची हकीकत मासलेवाईक आहे. त्यांच्यातले बरेच जण आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये आपापल्या क्लबकडून सामना खेळले, रात्रभर प्रवास करून सकाळी पॅरिसला पोचले आणि दुपारी मैदानात उतरले. आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धांना टेम्पोत बसून जाणारे संघ याहून जास्त विश्रांती घेतात. जर्मनी-ब्रिटन सामना झालाच नाही, त्यामुळे दोघांनाही दुसरं स्थान वाटून दिलं गेलं. फ्रान्सच्या संघात एक नाव मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: काँस्तांताँ आँरिकेझ. हैतीहून पॅरिसला वैद्यकी शिकायला आलेला हा तरुण ऑलिम्पिक विजेत्या पहिल्या कृष्णवर्णीयांमध्ये गणला जातो.

१९०८ला लंडन. खेळाचं माहेरघर, तेव्हा इथे तरी थाटात व्हायला हवी होती. फ्रान्सने ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि उरले दोन. ऑस्ट्रेलियाचा संघ त्या वेळी ब्रिटनच्या दौऱ्यावर आलेलाच होता, म्हणून त्यांना बोलावलं. मुद्दाम ऑलिम्पिकसाठी कुणी बोटीत बसलं नव्हतं. यजमानांच्या बाजूने इंग्लंडच्या संघटनेने देशाचा निवडक संघ दिलाच नाही. त्या वर्षीचा परगण्यांचा विजेता कॉर्नवॉल होता, त्यालाच ‘ग्रेट ब्रिटन’ म्हणून उभं केलं. याच कॉर्नवॉलला ऑस्ट्रेलियाने दौऱ्यात काही दिवसांपूर्वीच हरवलं होतं.

सामना झाला २६ ऑक्टोबरला व्हाइट सिटी स्टेडियमवर. हे मैदान डोळ्यांसमोर आणायला हवं. धावपट्टीच्या आत, गवताच्या कडेला, शंभर मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव खोदलेला होता. उन्हाळ्यात तिथे जलतरणाच्या शर्यती झाल्या होत्या, आणि रग्बीची टचलाइन, म्हणजे मैदानाची कडेची रेषा, आता त्याच्याच बाजूला. टॅकल झालेला, म्हणजे धरून खाली पाडलेला खेळाडू गडगडत पाण्यात जाऊ नये म्हणून तलावावर जाळी ताणली होती आणि काठाला गाद्या लावल्या होत्या. वर ऑक्टोबरचं लंडन: धुकं, निसरडं मैदान, ओला बॉल. पंच म्हणून मला विचाराल तर मी तो सामना सुरूच केला नसता. टचलाइनपासून अडथळ्यापर्यंत मोकळी जागा किती, हे आम्ही नाणेफेकीच्याही आधी बघतो. ऑस्ट्रेलियाने आठ ट्राय केल्या (ट्राय म्हणजे विरोधी संघाच्या गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं) आणि सामना ३२-३ असा घेतला. तेव्हा ट्रायला तीनच गुण मिळायचे, त्यामुळे आजच्या हिशेबाने हा फरक आणखी मोठा धरा.

एवढ्यावर ऑलिम्पिक विजेता ठरला. एक सामना.

या दौऱ्यातली एक बारीक गोष्ट पुढचं बरंच काही सांगून जाते. दौऱ्यावरच्या खेळाडूंना दिवसाला तीन शिलिंग हातखर्च मिळे. हा पैसा म्हणजे धंदेवाईकपणा, अशी स्कॉटलंडच्या संघटनेची ठाम समजूत होती. स्कॉटलंड आणि आयर्लंड त्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाशी खेळलेच नाहीत. १८९५ साली उत्तर इंग्लंडचे क्लब, कामगार खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही या वादावरून फुटून निघाले होते. त्याचीच पुढे रग्बी लीग ही वेगळी रग्बी झाली. ती जखम ओली होती. आपल्या हौशीपणाचा पहारा आपणच करणार, त्यात चौथा माणूस नको, ही त्यांची वृत्ती. ऑलिम्पिक समिती ही त्यांच्या दृष्टीने असा चौथा माणूसच. गंमत म्हणजे हौशीपणाच्या बाबतीत ऑलिम्पिकवालेही तितकेच कर्मठ होते. दोघांचं जमायला काहीच हरकत नव्हती, पण मालकी कुणाची हा प्रश्न आला की तत्त्वं मागे पडतात.

आता अमेरिका. इथे गोष्ट कॅलिफोर्नियाची आहे. १९०५च्या सुमारास अमेरिकन फुटबॉल खेळताना इतकी मुलं दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. पूर्वेकडच्या विद्यापीठांनी फुटबॉलचे नियम बदलले. पश्चिमेकडे स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी १९०६ साली फुटबॉलच सोडला आणि रग्बी धरली. पुढची काही वर्षं तिथली तगडी, वेगवान, फुटबॉलच्या मुशीत तयार झालेली पोरं रग्बी खेळत होती. १९१३ला न्यूझीलंडचा संघ आला आणि त्यांना धुऊन गेला, हेही खरं. पण पाया पडला होता.

याच काळातला डॅनियल कॅरोल हा माणूस मला फार आवडतो. १९०८ला लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळला. १९१२ला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर कॅलिफोर्नियात गेला, तिथेच राहिला, स्टॅनफर्डमध्ये शिकला. १९२०ला अमेरिकेकडून ऑलिम्पिकमध्ये उतरला, तोही खेळाडू आणि मार्गदर्शक अशा दुहेरी भूमिकेत. दोन देशांकडून दोन सुवर्णपदकं.

१९२०कडे जाण्याआधी १९१९च्या इंटर-अलाइड गेम्सचा उल्लेख करायला हवा, कारण तो सहसा कुणी करत नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी पॅरिसजवळ पर्शिंग स्टेडियमवर ही स्पर्धा भरली. त्यात रग्बी होती आणि संघ होते फ्रान्स, अमेरिका आणि रुमानिया. फ्रान्स जिंकला. हे त्रिकूट ध्यानात ठेवा. पाच वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये नेमकं हेच उतरलं. रुमानियात रग्बी गेली ती पॅरिसला शिकून परतलेल्या तरुणांबरोबर, त्यामुळे त्यांचं येणं स्वाभाविक होतं.

अँटवर्पला, ५ सप्टेंबर १९२० रोजी, पावसात भिजलेल्या मैदानावर पुन्हा एकच सामना झाला: अमेरिका ८, फ्रान्स ०. अमेरिकेच्या संघात मॉरिस कर्कसी होता. त्याच ऑलिम्पिकमध्ये तो १०० मीटर धावण्यात दुसरा आला आणि ४ बाय १०० रिलेचं सुवर्णही घेऊन गेला. असा गडी विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने, सुटला तर चिखलातही त्याला धरणार कोण? फ्रान्सला हा पराभव म्हणजे अपघात वाटला, आणि त्याला कारणही होतं. पुढच्याच महिन्यात अमेरिकन संघ फ्रान्समध्ये दौरा करत असताना फ्रान्सने त्यांना हरवलं. त्यामुळे १९२४ला आपल्याच घरी हिशेब चुकता होणार, याबद्दल पॅरिसमध्ये कुणाला शंका नव्हती.

१९२४चा अमेरिकन संघ म्हणजे अक्षरशः जमवाजमव. विद्यापीठांत रग्बी तोवर मागे पडली होती, फुटबॉल परत आला होता. अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. मंडळींनी वर्गणी काढली. १९२०चे काही जुने गडी, बाकी फुटबॉलवाले आणि रग्बी जेमतेम खेळलेले, कर्णधार कोल्बी ‘बेब’ स्लेटर. वाटेत इंग्लंडमध्ये सरावाचे सामने खेळून हरले. मग खाडी ओलांडून बुलोन्य बंदरात आले, तर कागदपत्रांच्या घोळामुळे अधिकारी उतरू देईनात. बोट लागून बेजार झालेले खेळाडू शेवटी धक्काबुक्की करत उतरले. फ्रेंच वृत्तपत्रांना आयतं कोलीत मिळालं. रस्त्यावरचे गुंड, गुत्त्यातले भांडखोर अशी विशेषणं लागली. सरावाला मैदान मिळेना, तेव्हा संघ कुंपणावरून चढून आत गेला. कपडे ठेवलेल्या खोलीतून पैसे आणि चीजवस्तू चोरीला गेल्या. सामन्याआधीच वातावरण असं पेटलेलं.

४ मेला फ्रान्सने रुमानियाला ६१-३ असं झोडपलं. ११ मेला अमेरिकेने त्यांना ३७-० हरवलं. दोन्ही सामन्यांत मार खाऊनही रुमानियाला तिसरं स्थान मिळालं, आणि ते त्या देशाचं पहिलं ऑलिम्पिक पदक. उरला १८ मेचा सामना, कोलोंबच्या स्टेडियमवर, तीस हजारांहून जास्त गर्दीपुढे. पंच होते वेल्सचे अल्बर्ट फ्रीथी.

आता पंचाच्या नजरेने बघा. सामना सुरू होऊन दोन-चार मिनिटं झाली असतील. फ्रान्सचा हुकमी विंगर अडॉल्फ जोरेगी बॉल घेऊन निघाला आणि अमेरिकन टॅकलखाली असा सापडला की रक्तबंबाळ होऊन पडला. तो सावरून उभा राहिला, पण पुढे पुन्हा तसाच आदळला आणि त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. तेव्हा बदली खेळाडू हा प्रकार नव्हता, एक गेला की पंधरांऐवजी चौदांनी खेळायचं. नंतर फ्रान्सचा आणखी एक जण जायबंदी झाला. प्रेक्षकांना हे सरळसरळ मारामारी वाटलं. पण उपलब्ध वर्णनांवरून ते टॅकल नियमात बसणारे होते. फरक शिकवणीचा होता. फ्रेंचांच्या रग्बीत विंगरला कपड्याला, कमरेला धरून खाली ओढायची सवय. फुटबॉलमधून आलेला अमेरिकन मात्र धावत येऊन खांदा पोटात घालतो, हात आवळतो आणि अंगासकट जमिनीवर नेतो. नियमाच्या पुस्तकात दोन्ही एकच. गॅलरीतून मात्र एक खेळ दिसतो आणि दुसरा खून. अशा वेळी पंचाने गर्दीकडे पाहून शिट्टी मारली की संपलं, आणि फ्रीथी तसे नव्हते. पुढच्याच वर्षी ट्विकनहॅमला, इंग्लंड-न्यूझीलंड सामन्यात, सिरिल ब्राउनली याला बाहेर काढून आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळाडू हाकलणारे पहिले पंच म्हणून त्यांचं नाव झालं. त्या दिवशीची त्यांची शिट्टी आजही विश्वचषकाच्या पहिल्या सामन्याला वाजवतात.

अमेरिकेने पाच ट्राय आणि एक कन्व्हर्जन (ट्रायनंतर मारायची दोन गुणांची किक) मिळून १७ गुण केले, फ्रान्सची एक ट्राय, ३. पाचांपैकी दोन ट्राय लिन फॅरिशच्या. हाच पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याकडून युगोस्लाव्हियात पॅराशूटने उतरला. मैदानात असं चाललेलं असताना गॅलरीत फ्रेंच प्रेक्षकांनी अमेरिकेच्या संघाला ओरडून चेव देणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना काठ्यांनी बडवलं. बाटल्या, दगड मैदानात आले. बक्षीस समारंभात अमेरिकेचं राष्ट्रगीत शिट्ट्यांत बुडालं आणि विजेत्यांना पोलिसांच्या कड्यातून बाहेर न्यावं लागलं.

एवढं झाल्यावर ‘म्हणूनच काढला’ असं म्हणायचा मोह होणारच. पण पुढचं वर्ष बघा. १९२५ला कुबेर्तँ अध्यक्षपदावरून उतरले आणि बेल्जियमचे आँरी द बाये-लातूर आले. सांघिक खेळांची गर्दी कमी करून वैयक्तिक खेळांवर भर द्यावा, असा त्यांचा कल. शिवाय प्रत्येक खेळामागे एक जागतिक संघटना हवी, जी नियम, पात्रता, पंच सगळ्याची जबाबदारी घेईल, अशी घडी बसत चालली होती. रग्बीचं आंतरराष्ट्रीय मंडळ होतं, पण त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड एवढेच. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांना पूर्ण सदस्यत्व मिळालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फ्रान्सला थेट १९७८ साली. म्हणजे १९२४ला मैदानात उतरलेल्या तीनही देशांचा जागतिक मंडळाशी काडीचा संबंध नव्हता, आणि मंडळातल्या चौघांना ऑलिम्पिकशी घेणंदेणं नव्हतं. मग १९२८च्या अॅमस्टरडॅमसाठी रग्बीची बाजू मांडायची कुणी? कुबेर्तँ होते तोवर खेळ तरला. ते गेले आणि खेळ गेला. दंगल झाली नसती तरी फार तर एखादं ऑलिम्पिक अधिक मिळालं असतं.

आमच्यासारख्या मैदानावरच्या माणसाला आणखी एक कारण दिसतं, त्यात राजकारण नाही. रग्बी हिवाळ्याचा खेळ. चारही वेळा ती कुठे बसवली ते बघा: ऑक्टोबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, मे. १९२४चं उद्घाटन जुलैत झालं, तेव्हा रग्बीची पदकं वाटून दीड महिना होऊन गेला होता. आणि पंधरांचा सामना खेळलेला माणूस पुन्हा उभा राहायला निदान चार-पाच दिवस घेतो. फॉरवर्डच्या, म्हणजे पुढे राहून रेटारेटी करणाऱ्या, फळीतला असेल तर जास्तच. दोन-तीन संघ होते म्हणून निभावलं. आठ-दहा संघ खरोखर आले असते तर पंधरवड्यात स्पर्धा उरकलीच नसती.

ब्रिटिश साम्राज्याच्या स्वतःच्या स्पर्धेतही हेच झालं. १९३०ला कॅनडात हॅमिल्टनला एम्पायर गेम्स सुरू झाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स अशी सगळी रग्बीची बिरादरी एका जागी, आणि तरी रग्बी नाही. तिथे कुणी दंगल केली नव्हती. कॉमनवेल्थमध्ये रग्बी आली १९९८ला, क्वालालंपूरला, तीही सात-सात खेळाडूंची. तीच सेव्हन्स २०१०च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये यजमान म्हणून भारतही खेळला.

तोडगा खरं तर पहिल्यापासून हाताशी होता. स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात १८८३ साली क्लबला पैसे उभे करण्यासाठी नेड हेग नावाच्या खाटकाने सात-सात जणांचे छोटे सामने भरवायची कल्पना काढली. सात मिनिटांचा अर्ध, दिवसात पूर्ण स्पर्धा. म्हणजे कुबेर्तँ यांनी १९०० साली रग्बी आणली, तेव्हा सेव्हन्स सतरा वर्षांची होती. पण ती स्कॉटलंडच्या सीमाभागाबाहेर फारशी कुणाला माहीत नव्हती आणि असली तरी गावजत्रेची करमणूक म्हणून सोडून दिली असती. २००९ला कोपनहेगनच्या बैठकीत रग्बीला पुन्हा ऑलिम्पिकचं दार उघडलं, ते या सेव्हन्ससाठीच. तोवर जागतिक मंडळात सगळे आले होते, विश्वचषक स्थिरावला होता आणि मागणी करणारी संघटना एकच होती. रिओला २०१६ मध्ये पुरुषांत फिजी जिंकला, त्या देशाचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक. महिलांत ऑस्ट्रेलिया. २०२४ला पॅरिसमध्ये फ्रान्सने फिजीला २८-७ असं हरवून घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण घेतलं, १९२४ला जे निसटलं होतं ते.

राहिला अमेरिका ‘गतविजेती’ असण्याचा भाग. पंधरांची रग्बी ऑलिम्पिकमध्ये परत आलेली नाही, त्यामुळे त्या प्रकारात शेवटचे विजेते अजून अमेरिकनच आहेत. हा प्रश्न क्विझमध्ये घालणार असाल तर ‘पंधरा खेळाडूंची’ हे शब्द विसरू नका. नाहीतर फ्रान्सचा एखादा चाहता उठून भांडेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.